हत्तरसंग कुडल, रविवारी

शेठ म्हणाले, सुट्टी आहे, पाहुण्याला कुठंतरी फिरवून आण.
तळ्यातलं सिद्धेश्वर त्यानं गुरुवारीच पाहिलं होतं, किल्लाही.
मी गाडी विजापूर रोडला घातली.
मागच्या सीटवर कुओ, तैवानचा,
आमच्या टॉवेलच्या नव्या मागांचा डॉक्टर,
मांडीवर बायकोनं दिलेला डबा, कडक भाकरी, शेंगाचटणी.
मंद्रूप येईपर्यंत चटणी निम्मी संपली,
कान लालभडक, तरी बोटं चाटत होता.

कुडलला भीमा आणि सीना मिळतात.
मिळतात म्हणजे, मार्चमध्ये
एक डबकं दुसऱ्या डबक्याकडं बघत बसतं.
गुरव बाभळीखाली आडवा होता.
"जपानी का?"
"तैवान."
"तेच ते," म्हणाला, आणि किल्ली शोधायला गेला.

आत तुळईवर हजार वर्षांपूर्वीची एक ओळ आहे, मराठीतली.
वाचेल तो विजयी होईल, असा काहीसा अर्थ.
मान मोडेस्तोवर वर बघितलं, मला वाचता आली नाही.
घरी आमची तेलुगू, शाळेत मराठी, शेठशी हिंदी.
कुओलाही नाही आली.
दोघं सारखेच हरलो आणि
शेजारच्या देवळात गेलो.

तिथं एक पिंड आहे, अंगभर तोंडं असलेली.
तीनशे एकोणसाठ, गुरव म्हणाला,
आणि खुद्द पिंड धरून तीनशे साठ, मोजू नका, चुकाल.
कुओ मोजायला बसला. चाळिसाला चुकला.
मग त्यानं मोबाईलवर त्याच्या गावातलं देऊळ दाखवलं:
दारात समुद्राची देवी, मागच्या चौकात बुद्ध,
माडीवर ताओपंथी म्हातारे, पांढऱ्या दाढ्या, झोपाळलेले.
मी विचारलं, भांडत नाहीत?
तो म्हणाला, छप्पर एकच, गळलं की सगळ्यांवर गळतं.
गुरवाला सांगितलं तर तो हसला,
"आमच्यातबी हरी आन् हर एकाच घरात की.
लाईटबिल फक्त माझ्या नावावर."

तेव्हा कुओनं खिशातून दोन लाकडी तुकडे काढले,
लाल, चंद्रकोरीसारखे,
एका अंगाला पोट सपाट, दुसऱ्या अंगाला पाठ फुगीर.
आईचे. तिच्या तळव्यांनी रंग खाल्लेला.
एक उताणा, एक पालथा पडला तर हो.
दोन्ही पालथे, नाही.
दोन्ही उताणे पडले तर देव हसतोय.
"कौल लावतोय," मी गुरवाला म्हणालो,
आणि शब्द इतका जवळ ठेवलेला होता
याचं मलाच नवल वाटलं.

गुरवानं पिंडीपुढची फुलं बाजूला सारून जागा केली.
ठक्. हो. ठक्. हो. ठक्. हो.
काय विचारलं ते त्यानं सांगितलं नाही,
टॉवेलनं चेहरा पुसला, बराच वेळ पुसत राहिला.
मग तुकडे माझ्या हातात दिले.

साखर पेठेत नानांचे चार माग आहेत, बंद.
भंगारवाला सोमवारी काटा घेऊन येणार.
मी मनात विचारलं, देऊन टाकू?
दोन्ही उताणे.
पुन्हा. दोन्ही उताणे.
त्या दगडातल्या इतक्या तोंडांपैकी
नेमकं कोणतं हसत होतं, कळेना.
गुरव म्हणाला, "सौदा करून आल्यागत विचारलंव तुम्ही.
नीट विचारा की."

नीट म्हणजे कसं?
नाना जेवतानासुद्धा कान मागाकडं ठेवायचे,
धोट्याची ठकठक चुकली की घास खाली.
कुओच्या नव्या मागांना धोटाच नाही.
हे सगळं एका प्रश्नात कसं बसवायचं?

परतताना अंधार पडला. तो मागं झोपला,
डबा मांडीवर, रिकामा.
मी वाक्य जुळवत होतो, तेलुगूत, मग मराठीत,
आणि प्रत्येक गतिरोधकावर
त्याच्या शर्टाच्या खिशात ते तुकडे आपटायचे.
ठक्.
काय पडलं,
ते दिसत नव्हतं.